त्याने आईला बरं केलं

छापखान्यातून, ता. ३ जून

ती. ताईस,

खिळ्याचा सलाम वि. वि. पत्रास कारण की, तुझ्या भावाचं डोकं सकाळपासून तापलं आहे आणि इथे त्यावर पाणी ओतायला कोणी नाही. तू म्हणशील, त्यात नवीन ते काय. पण हे वाच आणि मग बोल.

आपल्या साहित्य मंडळाने बायबलातल्या स्तोत्रांवरचं एक मोठं भाष्य माझ्याकडे छापायला दिलं आहे. लेखक कोण, तर तुझा जुना विद्यार्थी. आता त्याला डॉक्टरसाहेब म्हणायचं. परदेशातली पदवी, लोण्यासारखी वाणी. सभेत उभा राहिला की रुमाल आपोआप बाहेर निघतात. ऑगस्टच्या वार्षिक सभेत प्रकाशन. मुखपृष्ठावर उगवता सूर्य हवा म्हणे. मी म्हटलं, गेल्या वर्षीच्या तीन पुस्तकांवर तोच सूर्य उगवला आहे, आता एखाद्यावर मावळू द्या. कोणी हसलं नाही. प्रस्तावना तिघा थोरांच्या. ग्रंथ पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून धन्य झालो, असं तिघांनीही लिहिलं आहे, आणि हस्तलिखित पहिल्या दिवसापासून माझ्या कपाटात कुलूपबंद! आपल्याकडे पुस्तकं अशी निघतात. लिहिणारा वाचत नाही, वाखाणणारा वाचत नाही, घेणारा भेट म्हणून दुसऱ्याला देतो. वाचतो कोण, तर छापणारा. त्याला पर्याय नसतो.

आमची पद्धत तुला ठाऊक आहे. एकाने हस्तलिखित मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने मुद्रितावर, म्हणजे कच्च्या छापावर, खुणा करायच्या. वाचायला माझी लेक, खुणा करायला आमचे म्हातारे मुद्रितशोधक. मी यंत्राशी खुडबुडत असतो, पण कान तिकडे. माझी शाळा अकराव्या वर्षी सुटली. पुढचं सगळं शिक्षण असंच कानावाटे झालं. आणि खरं सांगू, डोळा चूक सहज ओलांडतो, कानाला मात्र ती खड्यासारखी लागते.

तर आज लेक वाचत होती. लेखकाच्या चर्चमधल्या मंडळीतली कोणी एक माता. तिची दोन लेकरं एकाच आठवड्यात तापाने गेली. ती दर रविवारी देवळात येई, शेवटच्या बाकावर बसे, स्तोत्रांचं पुस्तक मांडीवर मिटून ठेवी आणि त्यावर दोन्ही हात असे दाबून धरी, जणू आतून कोणी ते उघडेल.

ताई, माझ्या हातातली तेलाची बुधली खाली पडली. पोरीला वाटलं माझं बोट यंत्रात गेलं. धावत आली.

आपली आई त्याच्या मंडळीत कधी गेली गं? तेव्हा हा गृहस्थ पाळण्यात तरी होता का? आणि ते 'आतून कोणी उघडेल' हे शब्द तुझे आहेत. तुझ्या गुरुवारच्या वर्गाच्या टिपणांत होते. ती सायक्लोस्टाइल करताना हँडल मीच फिरवलं होतं, मालक जेवायला गेल्यावर. आम्ही तिघा कामगारांनी जेवण चुकवून काढलेले कागद आहेत ते. एक ओळ विसरलो असेन तर कान कापून देईन.

ते कागद शोध. आणि मला एकदाच हो म्हण, म्हणजे मी त्या साहेबांना त्यांच्याच वाणीत चार गोष्टी ऐकवतो.

लोभ आहेच, तो वाढवायची तसदी नको. उत्तर तेवढं लवकर पाठव.

तुझा खिळ्या


घरून, ता. ९ जून

चि. खिळ्यास,

अनेक आशीर्वाद, त्यांतले निम्मे डोकं थंड राहण्यासाठी. तेलाची बुधली पडली हे ठीक. यंत्रात बोट गेलं असतं तर मला दोन पत्रं लिहावी लागली असती. ओळी एकमेकींवर चढल्या असतील तर सांभाळून घे. उजव्या डोळ्याने संप पुकारला आहे आणि डाव्याचं त्याला आतून समर्थन आहे.

तू म्हणतोस ते टिपण माझंच. कागद कपाटाच्या तळाशी आहेत. शोधायला लागले नाहीत, ते कुठे आहेत हे मला नेहमीच ठाऊक असतं. पण खिळ्या, जाऊ दे. तो विद्यार्थी मला चांगला आठवतो. बारा जणांत सर्वांत आधी यायचा, जेवणाच्या टेबलाचा तोच एक कोपरा धरायचा आणि मी खोकले तरी लिहून घ्यायचा. विचार कोणाच्या बापाचे नसतात. मी तरी ते आभाळातून कुठे आणले? दोन फाटकी व्याकरणं, कोणाकोणाची उसनी पुस्तकं आणि दिवसभर शाळेत पोरांच्या वह्या तपासून उरलेला वेळ. फरक इतकाच की ज्याचं घेतलं त्याचं नाव मी समासात लिहायची.

शिवाय आता सांगून काय उपयोग? मी हे पुस्तक करायचं म्हणून मंडळाकडे गेले होते, तेव्हा काय उत्तर आलं ते तुला माहीत आहे. बाईमाणसाने मुलांसाठी गोष्टी लिहाव्यात, भाष्य पाळकांवर, धर्मगुरूंवर सोडावं. लिहिल्या मी गोष्टी. नऊ आवृत्त्या निघाल्या, एकीवरही नाव नाही. तेव्हा मी रडले नाही, आता काय रडणार? लोकांपर्यंत पोचलं ना? कोणाच्या का तोंडून होईना. कदाचित त्याने माझ्यापेक्षा बरं लिहिलं असेल.

तेव्हा त्याला काही ऐकवू नकोस. तुझ्या चार गोष्टी चारवर थांबत नाहीत. सूर्य छाप आणि मोकळा हो.

माया जशी आहे तशी राहू दे, खर्चून टाकू नको.

तुझी ताई


छापखान्यातून, ता. १५ जून

ती. ताईस,

सलाम वि. वि. तुझं पत्र वाचलं. इतकी क्षमा एका पाकिटात मावली कशी, याचंच नवल वाटलं. मी तुझं ऐकणार होतो. शपथेवर सांगतो, दोन दिवस गप्प बसलो. लेकीला शंका आली की माझं दुखतंय की काय.

तिसऱ्या दिवशी आमचे मुद्रितशोधक अडले. या माणसाची सवय अशी की पुस्तकात पवित्र शास्त्राचं वचन आलं की ते उघडून आकडा ताडून पाहायचा. प्रत्येक. लोक हसतात त्याला. तर अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्रावर डॉक्टरसाहेबांनी लिहिलं आहे, एकोणिसावं वचन पाहा. म्हातारबा पाहतात तो आपल्या शास्त्रात त्या स्तोत्राला वचनं अठराच! नसलेलं वचन कसं पाहायचं? मग त्यांनी मागचं पुढचं चाळलं. एकोणीस स्तोत्रांत प्रत्येक आकडा पुढे सरकलेला, कुठे एकाने, कुठे दोनाने. बाकी सगळीकडे बरोबर.

मी ओळखलं, ताई. तुझीच ती चूक. तू कोणाकडून तरी हिब्रू प्रत उसनी आणली होतीस आणि तिच्यावरून एका उन्हाळ्यात ती एकोणीस स्तोत्रं केली होतीस. मूळ प्रतीत वरचं लांब शीर्षकही वचन म्हणून मोजतात, त्यामुळे पुढचा आकडा सरकतो. तो आपल्याकडच्यासारखा करून घ्यायला तू विसरलीस. लक्षात आल्यावर तुला दोन दिवस जेवण गोड लागलं नव्हतं. दुरुस्तीच्या चिठ्ठ्या हाताने लिहिल्यास आणि एकेकाच्या घरी जाऊन दिल्यास. अकरा घरी. बारावा तेव्हा नुकताच जहाजात बसून परदेशी गेला होता.

मग मात्र मला राहवलं नाही. त्याला छापखान्यात बोलावलं, बसवलं, अगदी गोडीने. विचारलं की साहेब, हे आकडे असे कसे? म्हणाला की आपण मूळ हिब्रूवरून काम केलं आहे, सामान्य माणसाच्या ते लक्षात यायचं नाही. मी म्हटलं, बरोबर, मी सामान्यच. फक्त एवढं सांगा, मूळ हिब्रू एकोणीस स्तोत्रांपुरतंच का? विसाव्याला काय झालं, भाषा आटली? त्यावर त्याने घड्याळ पाहिलं. ज्याच्याकडे उत्तर नसतं त्याच्याकडे घड्याळ असतं, हे मी पंचेचाळीस वर्षं गिऱ्हाइकांत वावरून शिकलो आहे. जाताना म्हणाला, आकडे तेवढे दुरुस्त करून घ्या. आणि खिळे जुळवणाऱ्याने भाष्यात पडू नये, असंही ऐकवून गेला.

तुला वाटतं ना, त्याने बरं लिहिलं असेल? अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्राचं मुद्रित सोबत पाठवतो आहे, मोठ्या खिळ्यांत, म्हणजे मोठ्या अक्षरांत, नव्याने जुळवून, तुझ्या संपावरच्या डोळ्यांसाठी. तुझं टिपण शेजारी ठेवून वाच. मी काही सांगत नाही. वाचून झाल्यावर तुला वाटलं तर पुन्हा क्षमा कर. पोस्टाचा खर्च माझा.

रागावलीस तरी अंतर देऊ नकोस.

तुझा खिळ्या


घरून, ता. २४ जून

चि. खिळ्यास,

अ. आ. पाकीट सोमवारी मिळालं. शेजारची मुलगी शाळेतून आली की वाचून दाखवते, पण हे मी तिच्याकडून वाचून घेतलं नाही. भिंग घेऊन स्वतः वाचलं. तीन पानांना दोन दिवस लागले.

चोरी केली, ती मी सोडली होती आणि अजूनही सोडते. माझी चूकही उचलली, त्याचं मला हसूच आलं. दुसऱ्याचा सदरा चोरावा आणि खिशातलं भोकही बरोबर यावं तसं. पण खिळ्या, त्याने आईला बरं केलं.

सात दिवस, म्हणतो. सात दिवसांनी त्या मातेने पुस्तक उघडलं आणि भरल्या मंडळीपुढे उभी राहून गायली, आणि तिच्या मुखावर स्वर्गीय तेज होतं. तेज!

तू सहा वर्षांचा होतास, मी चौदाची. तुला थोडं आठवतं, मला सगळं. आईने ते पुस्तक पुन्हा कधीच उघडलं नाही. एकदाही नाही. सव्वीस वर्षं दर रविवारी देवळात गेली आणि एकदाही गायली नाही. पाळक येऊन सांगून गेले की एवढा शोक म्हणजे अविश्वास. ती त्यांना चहा द्यायची आणि गप्प राहायची. समोरच्या घरची शिंपीण तेवढी रोज दुपारी शिवण घेऊन यायची, तासभर बसायची आणि बोलायची नाही. आई एकदा मला म्हणाली होती की देव आहे की नाही याची मला शंका नाही, मी त्याच्याशी बोलत नाही एवढंच. पण त्याच्या घरी जाणं सोडणार नाही, त्याला दिसली पाहिजे मी.

ते स्तोत्र असंच आहे. हाक मारतो माणूस, पुन्हा मारतो, आणि अंधारातच संपतं. बाकीच्या विलापांत शेवटी कुठेतरी उजाडतं, यात नाही. ज्यांनी ही स्तोत्रं गोळा करून जपली, त्यांना दोन ओळी सांत्वनाच्या जोडता आल्या नसत्या? त्यांनी जोडल्या नाहीत. मी माझ्या टिपणात एवढंच लिहिलं होतं की इथे उत्तर नाही, माझ्याकडेही नाही, आणि वाचणाऱ्याने स्वतःचं घालू नये. ते वाक्य त्याने गाळलं. सगळीकडचं गाळलं आहे. जिथे जिथे मी मला कळत नाही असं लिहिलं, तिथे तिथे त्याला कळलेलं आहे. चाळीस वर्षं मी ज्या ज्या दाराशी थांबले, त्या प्रत्येक दारातून हा बूट न काढता आत गेला.

आणि हे आता एखादी बाई वाचेल, जिचं मूल गेलेलं आहे. आठव्या दिवशी तिला वाटेल की आपल्यातच काही खोट आहे.

माझं नाव छापू नको, मला ते नको. पण ही आई छापू नको. तुझ्या यंत्रावर नाही. माझी एवढी एक गोष्ट ऐक.

तुझी ताई


छापखान्यातून, ता. ६ जुलै

ती. ताईस,

सलाम वि. वि. तुझं पत्र लेकीने मला वाचून दाखवलं. म्हातारबा उठून हात धुवायला गेले आणि बराच वेळ धूत राहिले.

यंत्र थांबवलं. छापून झालेले आठ फर्मे, सोळा-सोळा पानांचे, पाल्यासारखे कापून रद्दीत दिले. मग मंडळाच्या बैठकीला गेलो, तू टपालाने पाठवलेले कागद बगलेत मारून. लांबलचक टेबल, सात माणसं, प्रत्येकापुढे पाण्याचा पेला. कागद मध्ये ठेवले. कोणी हात लावला नाही, जणू विंचू आहे. शेवटी अध्यक्षांनी मधला मार्ग काढला. यांच्याकडे नेहमी मधला मार्ग असतो. रस्त्याच्या मधून चालणारा गाडीखाली येतो, पण हे येत नाहीत. म्हणाले की पुस्तकाच्या शेवटी एक ओळ घालू, अनेक गुरुजनांचे ऋण. मी विचारलं, यात बाई कुठे आहेत? म्हणाले, अनेकांत. मी विचारलं, आणि आईचं काय? तर दुसरे एक सद्गृहस्थ म्हणाले की लोकांना आशा हवी असते, दुःखाची पुस्तकं कोण घेणार? सत्य आहे की नाही हा प्रश्नच कोणाच्या डोक्यात शिरेना. धर्माची पुस्तकं काढणारे सात जण, आणि त्यांतल्या एकालाही खोटं खुपलं नाही!

मी म्हटलं, मी छापणार नाही. त्यांनी हस्तलिखित परत मागितलं. वर पुढच्या वर्षीचं गीतांचं पुस्तकही काढून घेतलं, जे मी एकोणतीस वर्षं छापत आलो. मी पाणी प्यायलो, तुझे कागद उचलले आणि उठलो; ते परत पाठवतो आहे.

आता खरी गंमत ऐक, आणि हसू नको. हस्तलिखित गेलं दुसऱ्या छापखान्यात, आणि त्याच्यासोबत आमची तपासलेली मुद्रितंही गेली. म्हातारबांनी एकोणीसच्या एकोणीस स्तोत्रांतले आकडे लाल शाईने नीट दुरुस्त करून ठेवले होते, त्यासकट! म्हणजे चोराच्या अंगावरचा एकुलता एक डाग आम्हीच धुऊन, इस्त्री करून दिला. भिंतीवर डोकं आपटावंसं वाटतं. लेक म्हणते भिंत कच्ची आहे.

पुस्तक ऑगस्टात निघणार. मी हरलो, ताई. तुझी एक गोष्ट ऐकली, पण ती कोणाच्याच उपयोगाची नाही.

राग आला तर माझ्यावर काढ, पण बोलणं तोडू नको.

तुझा खिळ्या


ता. २० जुलै

आदरणीय बाईंस,

प्रभूमध्ये सादर सलाम वि. वि. आपली प्रकृती ठीक असावी अशी प्रार्थना. आपल्या बंधूंच्या मनात काही गैरसमज झाल्याचं ऐकून वाईट वाटलं. म्हणून हे चार शब्द.

आपल्या वर्गात मिळालेलं इतकं माझ्या रक्तात भिनलं आहे की कोणतं आपलं आणि कोणतं माझं हे आता मलाही सांगता यायचं नाही. हा मी आपला गौरवच समजतो. राहिली त्या मातेची गोष्ट. बाई, मी दर आठवड्याला रुग्णालयात आणि स्मशानात उभा असतो. तिथे लोक माझ्या तोंडाकडे पाहतात. त्यांना मी काय सांगू, की मला ठाऊक नाही? आपला वर्ग बारा जणांचा होता, माझ्यापुढे हजार असतात. गोष्ट थोडी पुढे नेली, ती त्यांच्यासाठी. दृष्टान्तात तेवढी मोकळीक असते.

प्रकाशनास आपण यावं, ही विनंती. पुढच्या रांगेत खुर्ची राखून ठेवायला सांगितली आहे. आपला आशीर्वाद डोक्यावर असावा.

आपला जुना विद्यार्थी


छापखान्यातून, ता. २९ ऑगस्ट

ती. ताईस,

सलाम वि. वि. सलाम कसला, कानउघाडणी! तू गेलीस? दीड डोळा बंद असलेली बाई पाच तास बसमध्ये बसून सभेला जाते, माझ्या लेकीला बरोबर नेते, तिला बापाला सांगू नकोस म्हणून बजावते, आणि मी इथे लग्नपत्रिका छापत बसतो! पोटच्या पोरीने मला सांगितलं की मैत्रिणीकडे जाते. तुम्हा दोघींना कोणती शिक्षा द्यावी याचा विचार चालू आहे.

तिने काल रात्री जेवताना सगळं सांगितलं. माझं ताट तसंच राहिलं. तू पुढच्या रांगेतल्या राखीव खुर्चीवर बसलीसच नाहीस, शेवटच्या बाकावर बसलीस. डॉक्टरसाहेबांनी त्या मातेचं पान वाचून दाखवलं, रुमाल निघाले. मग कोणाला काही विचारायचं असेल तर, असं अध्यक्ष म्हणाले, म्हणजे कोणी काही विचारू नये अशा सुरात. आणि तू काठी टेकत उभी राहिलीस.

लेक म्हणते तुझा आवाज अगदी शाळेतला होता. तू विचारलंस की त्या बाईचं नाव काय. तो म्हणाला, खासगीपणासाठी नाव देत नाही. तू विचारलंस, छापायला नको, तुम्हाला तरी माहीत आहे का? कोणत्या मंडळीत, कोणतं साल, मुलं कोणती, मुलगे की मुली? त्याने पुस्तकाची पानं उलटली. मग तू आईचं नाव घेतलंस, आपल्या वडिलांच्या नावासकट. दोघा भावंडांची नावं घेतलीस, वयं सांगितलीस, तीन आणि सव्वा. आणि म्हणालीस की ती गायली नाही. तिला गायला लावण्याचा अधिकार तिच्या मुलांनाही नव्हता.

आणि अध्यक्षांनी घाईघाईने समारोपाची प्रार्थना सुरू केली! इतक्या लोकांनी इतक्या झटकन डोळे मिटलेले लेकीने आजवर पाहिले नव्हते. तू मात्र उघडे ठेवून उभी राहिलीस.

ऐकतो आहे की मंडळाने पुस्तकाच्या प्रती कपाटात घालून ठेवल्या आहेत, विक्री तूर्त पुढे ढकलली आहे. तूर्त हा त्यांचा आवडता शब्द. गीतांच्या पुस्तकासाठीही माझ्याकडे निरोप आला. म्हटलं बघू. मीही तूर्त शिकलो.

पण त्या साहेबांचं काय? तो अजून साहेबच आहे. तुझं पुस्तक अजूनही तुझ्या कपाटाच्या तळाशीच आहे, आणि तुझे डोळे हे असे. स्वच्छ प्रत कोण करणार, कधी करणार? या विचाराने मला पुन्हा संताप येतो.

पुढच्या वेळी कुठे जाशील तर या गरिबाला कळव, एवढी कृपा असू दे.

तुझा खिळ्या


घरून, ता. ११ ऑक्टोबर

चि. खिळ्यास,

अ. आ. लेकीला शिक्षा करू नको. ती मला बसमध्ये खिडकीची जागा मिळावी म्हणून एका वकिलाशी भांडली. तुझ्यावरच गेली आहे.

तुला न कळवण्याचं कारण, तू असतास तर तू बोलला असतास. तुझ्या बोलण्याला मी नावं ठेवत नाही. पण ते माझं काम होतं.

आता सांगते ते ऐकताना हातात काही धरू नकोस. तो इथे आला होता. सभेनंतर चौथ्या शनिवारी, सकाळी, एकटा. हातात टंकलेला कागद. मंडळाने सांगितलं होतं म्हणे, बाईंची लेखी संमती आणा, म्हणजे कपाट उघडू. मी तो कागद वाचलाच नाही, वाचता येत नाही हे खरंच आहे. त्याला आत बसवलं. हो, चहाही दिला. आता ओरड.

मी म्हटलं, सही करायची की नाही ते नंतर पाहू. आधी तुझा राहिलेला अभ्यास पुरा कर. माझी जुनी टिपणं त्याच्यापुढे ठेवली, रेघांचे कागद ठेवले आणि सांगितलं की उतरवून काढ. सगळं. एक शब्द इकडे नको, एक तिकडे नको. समासातली नावंही उतरव. माझे डोळे गेले आहेत, मला स्वच्छ प्रत हवी आहे आणि तुझ्याइतकं माझं अक्षर लागणारा दुसरा कोणी जिवंत नाही. तो उठून जाईल असं मला वाटलं होतं. चेहरा दिसत नाही मला नीट, पण खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. मग पुन्हा पुढे सरकल्याचा आला.

तेव्हापासून दर शनिवारी येतो. पहिल्या दोनदा भीतीने आला असेल; मी काय बोलेन, कुठे बोलेन याची. आता का येतो ते मी विचारत नाही. संमतीचा कागद त्याने परत काढला नाही. आतापर्यंत एकसष्ट पानं झाली, तीनशेच्या वर राहिली आहेत. मी त्याला सांगितलं आहे की हे संपेपर्यंत आपण दोघांपैकी कोणी मरायचं नाही.

तेव्हा तुझ्याकडे मुद्रणप्रत येईल ती त्याच्या अक्षरात असेल आणि वर नाव माझं असेल. होय, मी म्हटलं होतं नाव नको. त्या दिवशी आईचं नाव मोठ्याने घेतल्यावर कळलं की नाव न घालण्यात मी जिला नम्रता समजत होते, ती निम्मी भीतीच होती. तुझा अहंकार मध्ये आणू नको, त्याच्या अक्षराला नाक मुरडू नको. वळणदार आहे. मीच घोटून घेतलं होतं.

पहिल्या दिवशी त्याच्यापुढे मी अठ्ठ्याऐंशीव्याचंच पान ठेवलं होतं. सुरुवातीला झरझर लिहीत गेला, मग हात मंदावला. आईच्या ओळींवर तर निबेची करकर थांबून थांबून येत होती. शेवटच्या वाक्याशी पोचला. लिहिलं. पूर्णविराम दिला. आणि मग बराच वेळ खुर्ची वाजली नाही, कागद वाजला नाही. मी त्याच्याकडे कान लावून बसले. त्याची स्वतःची पुढची ओळ त्याच्या बोटांत आली होती, खिळ्या, मला स्पष्ट कळलं. निब पुन्हा कागदाला टेकल्याचा तो बारीकसा आवाज आला.

मी हात पुढे केला आणि त्याच्या बोटांतून पेन काढून घेतलं.

काळजी तू करतोसच, ती तशीच चालू ठेव.

तुझी ताई